सिनेमात न आलेली घासाघीस

नाताळच्या त्या जुन्या विलायती गोष्टीवर माझा राग होता, आणि तो सिनेमांमुळे. आधी मिशनच्या शाळेच्या मैदानावर पडदा लावून इंग्रजी सिनेमा दाखवला. पुढे बर्डीवरच्या टॉकीजमध्ये हिंदी लागला. त्यात नाताळाची दिवाळी करून टाकली होती. दोन्हींत एक खडूस खेळणीवाला, सणालाही भाव न सोडणारा. शेवटी एक गरीब बाई लेकीसाठी बाहुली मागते, त्याला रडू फुटतं आणि तो ती फुकट देऊन टाकतो. लोक टाळ्या वाजवतात.

टॉकीजमध्ये बायको कानाशी म्हणाली, "पाहा, तो सुधारला. तुम्ही कधी सुधरान?"

मी तिथेच भडकलो. खापा गावच्या विणकरांच्या साड्यांचे गठ्ठे खांद्यावर वाहून मी गांधीबागेच्या कापडबाजारात दुकान उभं केलं, ते भाव करता येतो म्हणूनच. पण बायकोने ते माहेरी सांगितलं आणि त्या दिवसापासून सासुरवाडीत मी 'खेळणीवाले जावई' झालो. बायकोने आपला शब्द मागे घ्यावा, एवढंच मला हवं होतं. वर्षं गेली, तिने घेतला नाही.

मग बर्डीच्या फुटपाथवर त्या गोष्टीचं मराठी पुस्तक दिसलं. विकणाऱ्याशी भांडून घेतलं आणि दुकानात बसूनच संपवलं. रविवारी दुपारी बायको संत्री सोलत होती. "अवं, ऐक आता," म्हणून मी शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं.

पुस्तकात तो रडत नाही. बाहुली फुकटही देत नाही. बाईशी पानभर घासाघीस करतो, निघालेल्या बाईला हाक मारून परत बोलावतो आणि मुद्दाम हरतो. ती बाहुली घेऊन जाते, ती त्यालाच लुटल्याच्या ऐटीत.

"फुकट देल्ली असती तर ती मागणारी ठरली असती," मी म्हणालो. "त्यानं तिले गिऱ्हाईक ठेवलं. सिनेमावाल्यांले धंदा कळते का?"

तिने हातातलं संत्रं सोलून संपवलं. मग म्हणाली, "दुकानात साडी घ्याले येते त्या झाडूवाल्या बाईसंग तुम्ही असंच करता. पाह्यलं हाय मी."

"मंग घे शब्द मागं!"

"अर्धा घेते."

"अर्धा काहून? पुस्तकात लिहून हाय ना!"

"अर्धाच. पटत असन तर बोला, नाही तर मी कणीक भिजवाले चालली."

मी अर्ध्यावर कबूल झालो. सासुरवाडीकडचे मात्र अजून 'खेळणीवाले जावई'च म्हणतात.