खालच्या हाताचं बोट

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, एकतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायच्या कामावर होत्या. निवृत्त झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाटावरचं जुन्या कपड्यांचं गाठोडं खाली काढलं आणि गोधडी शिवायला बसल्या. नात्यात कुणाकडे बाळ आलं, कुणी घर बदललं, कुणी परगावी शिकायला गेलं, की पाठोपाठ वन्संची गोधडी गेलीच म्हणून समजा. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला "वेळ झाला नाही" एवढंच सांगतात आणि सुईत दोरा ओवायला घेतात. त्या वरच्या खोलीत राहतात, आम्ही खाली. मध्ये चौदा पायऱ्या आहेत, आणि दिवसातून मी त्या किती वेळा चढते ते माझ्या नवऱ्याला विचारा.

मला नसत्या चौकशा करायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर बारीक स्क्रू फिरवायचे, काड्या सरळ करायच्या. त्यामुळे एखादी गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. वन्संचं शिवण बघताना मला एक कोडं पडलं होतं. अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची ती धातूची टोपी, त्यांच्या उजव्या हातात असायची आणि जखमा मात्र सगळ्या डाव्या हाताला!

"अगं, वरचा हात सुई ढकलतो," वन्सं म्हणाल्या, "त्याला टोपी लागतेच."

"आणि खालचा हात काय करतो?"

"खालचा वाट बघतो."

म्हणजे असं, की गोधडीचे थर जाड आणि खालची बाजू काही दिसत नाही. डावा हात खाली लपलेला. सुईचं टोक खाली आलं की ते मधल्या बोटाला टोचतं, आणि टोचलं की बोट त्याला परत वर लोटतं. तेव्हा कुठे टाका पडतो. एका ओळीत दोनशे टाके, तर दोनशे वेळा टोचणी. सुखातला जीव दुःखात घालायचा तो असा.

"मग खालच्या बोटालाही टोपी घाला की!"

"तू घालून बघ," असं म्हणून त्यांनी सुई माझ्या हातात दिली. मी दोन्ही हातांत टोप्या घालून बसले. सुई खाली आली कधी, घसरली कुठे, मला पत्ताच नाही. टाका गेला चांगला बोटभर लांब आणि तोही तिरका. वन्सं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"बोटाला कळलं पाहिजे आणि लागता कामा नये," त्या म्हणाल्या. "एवढंच जमत नाही बघ कुणाला."

झालं! मी हट्टाला पेटले. आधी जुन्या पर्सचं चामडं कापून टोपी केली, पण तिच्यातून काहीच कळेना. मग रबरी हातमोज्याचं एक बोट कापून चढवलं. अर्ध्या तासात वन्संचं बोट पाण्यात भिजत घातल्यासारखं पांढरंफटक झालं. चिकटपट्टी बरी होती, पण तिचा डिंक सुईला लागून सुई अडायला लागली. एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं म्हणून नेलपॉलिशचे तीन थर बोटाच्या टोकावर दिले. ते पाहून माझा नवरा म्हणाला, "ताई, या वयात ही कुठली नवी फॅशन?" वन्सं म्हणाल्या, "नखाला काय, सगळेच लावतात. आम्ही पुढे गेलोय." पण तेही दोन दिवसांत पापुद्रे होऊन गळून पडलं.

शेवटी दुकानातच उत्तर सापडलं. चष्मा नाकावर टेकतो तिथे दोन मऊ पारदर्शक गाद्या असतात ना, त्यातली एक मी बारीक पट्टीनं त्यांच्या बोटावर बसवून दिली. सुई कळते आणि रुतत नाही! पहिल्याच दिवशी वन्संनी सबंध ओळ मारली आणि माझ्या पाठीवर थाप दिली. पुढे महिन्या-दोन महिन्यांत वरून येणारं त्यांचं "स्स... हाय" पार बंद झालं. मग काय, मी हवेतच. दुकानात येईल त्याला मी ती गादी दाखवायची. चष्मा घ्यायला आलेली माणसं गोधडीचं ऐकून जायची.

त्या सुमारास वन्संनी एक निळी गोधडी धरली होती. कचेरीत वापरलेले त्यांचे सगळे निळे कोट उसवून त्यांनी ते तुकडे जुळवले होते. "सगळ्यांना झाल्या," त्या म्हणाल्या, "आता ही माझी." स्वतःसाठी एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही धरलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन वर गेले. बघते तर माझी गादी खिडकीत धूळ खात पडलेली आणि वन्सं उघड्या बोटानं शिवतायत. मी गोधडीची कड उचलून खाली पाहिलं. निळ्या कापडावर डागच डाग, काही वाळून काळे पडलेले, काही ओले. माझ्या डोळ्यांदेखत सुई त्यांच्या बोटात शिरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"वन्सं, लागलं नाही?"

"कुठे?"

त्यांनी हात बाहेर काढून पाहिला. बोट सुजून लाल झालं होतं. त्यांचा चेहरा पडला.

"मला वाटलं, बोट निबर झालं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, बरंच झालं. आता त्या गादीची कटकट नको."

माझी मलाच लाज वाटली. महिनोन् महिने मी ज्याच्या फुशारक्या मारत होते, ते माझ्या गादीचं कर्तृत्व नव्हतंच. बोटच मुकं झालं होतं, आणि एवढी चौकस मी, मला एकदाही त्यांचं बोट हातात घेऊन बघावंसं वाटलं नाही.

डॉक्टरांनी पू काढला, पट्टी बांधली. वन्संच्या अंगात साखर जुनी, गोळ्यांचं मात्र आज घेतल्या, उद्या विसरल्या. "बोटांची जाणीव गेलीय, ती परत येईल असं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "या वेळी पू काढला, पुढच्या वेळी बोट काढावं लागेल. शिवण बंद."

"उजव्या हाताला अजून कळतं हो," वन्सं म्हणाल्या.

"मग उजव्यानं पेपर वाचा."

निळी गोधडी अर्धी राहिली. वन्संनी ती घडी घालून पलंगाच्या कडेला ठेवली. जखम भरली, पण त्या मात्र दिवसभर हात मांडीवर ठेवून बसायच्या, नाहीतर घरात येणाऱ्या जाहिरातींच्या कागदांचे गठ्ठे लावायच्या, मोडायच्या, परत लावायच्या. एकदा म्हणाल्या, "वहिनी, उरलेलं कुणाकडून तरी मशीनवर मारून घे." मशीनवरच्या गोधडीला ज्या बाईनं जन्मभर नाकं मुरडली, तिच्या तोंडून हे ऐकून मी जिन्यात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. "त्यांचा डावा हात सुईच्या जवळ नेणार नाही. खाली दुसऱ्याचं बोट ठेवलं तर चालेल?"

"कुणाचं?"

"माझं."

"तुम्हाला साखर आहे?"

"नाही."

"मग मला कशाला विचारता? माझ्याकडे पट्ट्या आहेत," ते म्हणाले.

दुकान सुटल्यावर मी वर गेले, दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या आणि मध्ये निळी गोधडी पसरली. "बसा. वरचा हात तुमचा, खालचा माझा. डावा हात मांडीवरून हलला तर मी उठून जाईन."

"डोकं फिरलंय का तुझं?" असं म्हणाल्या, पण बसल्या. उजव्या हातात टोपी चढवली, सुई रोवली. मी खाली बोट धरून वाट बघत बसले. गादी मुद्दामच लावली नव्हती. आधी मला समजून घ्यायचं होतं, सुई येते ती कशी येते. ती आली, मी धरलं होतं तिथे नाही, नखाच्या कडेला, आणि खचकन आत गेली.

"आई गं!" मी हात ओढला तो खुर्चीवर आपटला.

वन्सं उठून माझ्याकडे आल्या. माझं बोट धरून त्यांनी खिडकीतल्या उजेडात नेलं. रक्ताचा थेंब वर आला होता. मला वाटलं, आता पोटभर हसतील.

"दुखलं?"

"दुखलं म्हणजे काय! जीव गेला माझा!"

त्यांनी बोट सोडलं नाही. डोळे भरले होते त्यांचे.

"जागं आहे," त्या म्हणाल्या, मला नाही, बोटाला. मग पदार्थ चाखून मीठ बरोबर आहे म्हणावं तशी मान हलवली, माझा हात परत गोधडीखाली सारला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"जरा डावीकडे धर. आणि ओरडायचं थांबू नकोस, त्याशिवाय मला कळणार कसं?"