तिच्यासमोर नको

आमच्या यार्डात गाडी बिघडत नाही, रुसते. आणि रुसली तरी तसं तिच्यासमोर म्हणायचं नाही. एखाद्या ड्रायव्हरला क्लचबद्दल काही सांगायचं असलं, की तो तुम्हाला आधी शेडच्या मागे नारळापाशी नेतो, एकदा मागे वळून बघतो आणि मग हळूच सांगतो. तोंडावर खोड काढली तर गाडी घाटात उट्टं काढते, असं सगळ्यांचं ठाम मत. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून बाबांच्या ऑफिसात बसायला लागले तेव्हा मला हे थोतांड वाटायचं. त्यातून माझ्या नाकावर राग. जे काय असेल ते इथेच, उभ्या उभ्या बोला, असं मी म्हणायचे. मग समोरचा गप्प बसायचा आणि मला वाटायचं, प्रश्न मिटला.

आमचे नऊ ट्रक. यार्ड थळच्या रस्त्याला. खताची पोती भरायची आणि बोरघाट चढून देशावर पोचवायची, हा धंदा. इथली खारी हवा लोखंडाला सुखाने जगू देत नाही, आणि गाडी भर घाटात बसली की आमची दिवसभर फोनाफोनी. म्हणून मी बाबांच्या मागे लागून प्रत्येक गाडीला एक डबी बसवून घेतली. काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची. इंजिन किती तापलं, किती फिरलं, बॅटरी किती दमली, हे ती सतत माझ्या स्क्रीनवर पाठवत राहते. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. महिन्याभराचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की काय बिघडणार ते बिघडायच्या आधी कळतं. ड्रायव्हरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं चहाडखोर. गाडीच्या पोटात बसून गाडीच्याच खोडी गावभर सांगणारी, दुसरं काय म्हणणार?

बाबांनी डब्या बसवू दिल्या, पण त्यांच्या मनात एक वेगळाच हिशेब होता. आमची सगळ्यात जुनी गाडी त्यांना काढून टाकायची होती. पनवेलचं एक गिऱ्हाईक दसऱ्यानंतरच्या रविवारी बघायला येणार होतं. ती गाडी काकांची. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, तळा गावाकडचे. मला स्कूटी चालवायला त्यांनीच याच यार्डात शिकवलेलं. गाडी शोरूममधून त्यांनीच आणली, आणि आठ वर्षांत दुसऱ्या कुणी तिच्या स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मी बाबांना म्हटलं, डबी काय सांगते ते बघू आणि मग ठरवू. बाबा म्हणाले, चालेल, तुझी डबी सांगेल तसं. काकांना हे कळलं तेव्हा ते भांडले नाहीत.

"ती गेली तर मीबी जातो ताई, तळ्याला," एवढंच म्हणाले. "आता या वयात दुसरीचा सभाव न्हाय शिकायचा."

मला ते फार लागलं. पण आकडे चांगले येत होते, तेव्हा मी निर्धास्त होते.

नवरात्रात काका तीनदा ऑफिसच्या दारात आले. ताई, जरा बाजूला येता का? दोनदा मी फोनवर होते. तिसऱ्यांदा त्यांची गाडी अगदी दारासमोर उभी होती आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. काय ते इथेच बोला, मला नारळाखाली बसायला वेळ नाही, असं मी फाडकन म्हटलं. काकांनी एकदा गाडीकडे बघितलं, काय न्हाय म्हणाले आणि गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाड्या बाहेर पडल्या. काकांची पेणला निघाली आणि माझ्या स्क्रीनवर लाल दिवाळी सुरू झाली. इंजिनचं तापमान उणे चाळीस! आमच्याकडे ऑक्टोबरात घामाने पाठ चिकटते आणि या बाईच्या पोटात बर्फ. थोड्या वेळाने त्याहून मजा. इंजिन बंद, आणि गाडी कार्लेखिंड चढतेय. बाबा चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. तुझी डबीच सांगतेय, हिच्यात आता राम उरला नाही, रविवारी देऊन टाकू, असं म्हणून चहा पीत निघून गेले. काकांना घरी बसवणारी चहाडखोर मीच हट्टाने आणली होती.

दुपारी गाडी परत आली तशी मी तरातरा गेले, केबिनमध्ये चढले, स्टिअरिंगखाली वाकून डबी उपसली. बघते तर पिनांच्या भोकांत ओलं कुंकू थापलेलं. वर हळद. एका भोकात तांदळाचा दाणा.

मी तिथूनच ओरडले, हे कुणी केलं? काका शांतपणे म्हणाले, मीच. खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती द्यायची असते. पाने, जॅक, टॉमी, सगळं धुऊन पाटावर मांडलं, मग हिला कशी वगळायची? तीबी दिवसरात राबतेच न्हवं? म्हणून काढली, पुजली आणि दसऱ्याला परत खोचली.

मला रागवायचं होतं. पण हसू असं फुटलं की डोकं स्टिअरिंगवर आपटलं, आणि मग काकाही हसायला लागले. नंतर मी बाकीच्या आठ जणांना विचारलं. एकानेही चहाडखोरला पाटाजवळ फिरकू दिलं नव्हतं. जिच्या सांगण्यावरून त्यांची गाडी जाणार होती, तिला हळदकुंकू वाहणारे काका एकटेच.

जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन मी तासभर भोकं साफ केली. डबी पुन्हा माणसासारखं बोलायला लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण आता नीट बघायचंच म्हणून मी जुने आकडे काढले. नुसता आजचा दिवस नाही, गणपतीपासूनचे सगळे. तोच बोरघाट, तेवढीच पोती, आणि प्रत्येक खेपेला इंजिन आधीच्या खेपेपेक्षा जरासं जास्त तापलेलं. धोक्याची रेघ अजून दूर होती, म्हणून स्क्रीन लाल झाली नव्हती आणि मी निर्धास्त राहिले होते. काहीतरी बिघडत होतं हे नक्की, पण काय, ते डबीला सांगता येत नव्हतं.

मी तडक यार्डात गेले. काका गाडीपाशीच होते. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काका, जरा बाजूला येता का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग आम्ही दोघं शेडच्या मागे नारळापाशी गेलो. मी मागे वळून बघितलं, आणि हळू आवाजात आकडे सांगितले. काकांनी मान डोलावली.

"व्हय. घाटात बारीक शिट्टी मारते. पाणीबी पिते. वॉटर पंप हाय."

मग आधी का नाही सांगितलंत, हे माझ्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्याक्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खाली बघायला लागले. आत्ता सांगतोय न्हवं, काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पंप खोलला. बेअरिंग हातात डुगडुगत होतं. अजून एखादी घाटाची खेप आणि इंजिन जाम झालं असतं, असं तो म्हणाला. बाकी इंजिन ठणठणीत. मी नवा पंप बसवून घेतला आणि सगळे आकडे बाबांपुढे नेऊन ठेवले. बाबांनी चष्मा लावून ते बराच वेळ बघितले आणि म्हणाले, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे बहुतेक वेळा नाहीच असतं. रविवारपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरलं, टायरला लाथ मारली, बॉनेटवर थाप मारली. काका वर चढून पुढची काच पुसत होते. गिऱ्हाईकाने खणखणीत आवाजात बाबांना विचारलं, काय काय खराबी आहे हिच्यात, आत्ताच सांगून टाका.

बाबांनी घसा खाकरला. मग त्याच्या कोपराला धरलं.

"अहो, तिच्यासमोर नको," म्हणाले, आणि त्याला शेडच्या मागे घेऊन गेले.

मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने गिऱ्हाईक तोंड वाकडं करून आपल्या गाडीत बसलं आणि गेलं. बाबा सावकाश परत आले. मी विचारलं, काय सांगितलंत?

"म्हटलं, खोड एकच आहे. दुसऱ्या कुणाच्या हाताने चालत नाही."

वर काकांनी काच पुसणं थांबवलं नाही. पण त्यानंतर कितीतरी वेळ ते एकच जागा पुसत होते.