पाचपैकी एक

माणसांशी कसं वागावं हे इतरांना शिकवण्याचा पगार मला मिळतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कोणाला खरं वाटणार नाही. बसते मी जळगावच्या ऑफिसात. महिन्यातून दोनदा एसटीने यावलला आमच्या पॅकहाउसवर जाते. तिथे बागांमधून आलेले केळीचे घड उतरवतात, फण्या सुट्या करून पाण्याच्या टाक्यांत धुतात, निवडतात आणि परदेशी जाणाऱ्या खोक्यांत भरतात. काम करणाऱ्या पंचवीसएक बायका. काही गावातल्या, काही सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून जीपने येणाऱ्या.

या सगळ्यांत मोठ्या होत्या अक्का. शेड उभी राहिली तेव्हापासूनच्या. कागदावर त्या बाकीच्यांसारख्याच कामगार, पण शेड चालायची त्यांच्यावर. नवीन मुलगी आली की कोणी न सांगता ती अक्कांच्या शेजारी उभी राहायची. फणी देठाकडून धरायची, फळाला बोट लागू द्यायचं नाही, चीक अंगावर उडाला तर घासायचं नाही, हे सगळं अक्का बोलता बोलता शिकवून टाकायच्या. एकदा पाड्यावरच्या एका मुलीच्या हातून आख्खी फणी खाली पडली. सुपरवायझर बघायला येईपर्यंत अक्कांनी ती उचलून स्वतःच्या ढिगात ठेवली होती. "माह्या हातून सुटली भाऊ," म्हणाल्या. मुलगी दिवसभर त्यांच्याकडे बघत होती. त्यानंतर तिच्या हातून काही पडलेलं मी ऐकलं नाही.

म्हणून कंपनीने लाइन लीडरचं पद काढलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी अक्कांचं नाव सुचवलं. पद बारमाही होतं. बाकी बायकांना हंगाम संपला की घरी बसावं लागतं, लीडरला नाही. साहेबांचीही हरकत नव्हती. फक्त म्हणाले, "नियमाप्रमाणे होऊ द्या. ट्रेनिंग घ्या, फॉर्म भरा, सिस्टिम निवड करेल." सिस्टिम म्हणजे मुख्य ऑफिसने पाठवलेला एक फॉर्म. त्यात बारा वाक्यं. मी सहकाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेते. मी चूक सांगताना समोरच्याचा मान राखते. मी इतरांना शिकवू शकते. प्रत्येकापुढे स्वतःला एक ते पाच गुण द्यायचे. मी वाचलं आणि मनात म्हटलं, हा तर कोणी अक्कांना समोर बसवूनच लिहिलाय.

ट्रेनिंग मी घेतलं. त्याबद्दल फार बोलू नये. डोळ्यांत डोळे घालून बोला, आवाज ठाम ठेवा, नाही म्हणायला शिका, वगैरे. सराव म्हणून मी उशिरा आलेली कामगार झाले आणि अक्कांना लीडर केलं. मला कसं सुनावतात ते बघायचं होतं. अक्कांनी आधी मला पाणी दिलं आणि विचारलं, "घरी काय झालं व माय?" बायका हसल्या. मीही हसले. माझ्या हातातल्या तक्त्यावर पाणी दिल्याबद्दल खूण करायला जागाच नव्हती.

मग फॉर्मची वेळ आली. बऱ्याच जणींना वाचायला जड जायचं, म्हणून मी टॅब्लेटवर वाक्य वाचायचं आणि त्या सांगतील तो आकडा दाबायचा असं ठरलं. सूचना स्पष्ट होती: उत्तर सुचवू नये. एकेकीला ऑफिसच्या खोलीत बोलावून विचारता आलं असतं. पण चार वाजून गेले होते, पाचची बस चुकली असती तर पुढचीला उभं राहून जावं लागलं असतं, आणि मला उभं राहायचा कंटाळा होता. एवढंच कारण. शेडमध्येच सगळ्यांना रांगेत बसवलं. आणि वडीलधाऱ्या म्हणून पहिला मान अक्कांना दिला.

"मी सहकाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेते," मी वाचलं. "अक्का, किती?"

"एक लिह्य."

"अक्का, एक म्हणजे अजिबात नाही. पाच म्हणजे खूप."

"कयलं मले. एकच लिह्य. मले काय येतं? सगयं या पोरीच करतात."

मागे पंचवीस बायका ऐकत बसलेल्या. अशा वेळी आमच्याकडचं कोणतं माणूस "पाच लिहा" म्हणेल? मी धुळ्याची. पाहुणे आले आणि माझा निकाल विचारला की आई सांगायची, "तिले काहीच येस नही, नुसती बठेल राहस." मी वर्गात पहिली आलेली असायचे. आईला ते पाठ असायचं, शेजारणीला तिने दोनदा सांगितलेलं असायचं, पण पाहुण्यांपुढे आपल्या तोंडाने नाही. पाहुण्यांनी म्हणायचं, "असं कसं, पोर हुशार शे," मग आईने चहा टाकायचा. हे असंच होतं आणि सगळ्यांना ते कळायचं. पुढे पुण्यात पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू कोणती? मी म्हटलं, तसं मला फार काही येत नाही, पण शिकेन. त्यांनी मान डोलावून ते लिहून घेतलं. पत्र आलंच नाही. महिनाभर मला कळत नव्हतं की माझं चुकलं काय.

म्हणजे जगात कोणाला अक्कांचा "एक" कळायला हवा होता तर तो मला. आणि टॅब्लेट माझ्या हातात होता. पाच दाबलं असतं तर कोणी बघणार नव्हतं. पण सूचना स्पष्ट होती ना! प्रामाणिकपणाचा झटका आला मला नेमका तेव्हा. बाराच्या बारा वाक्यांना मी एक दाबला.

त्यानंतरची बाई पुढे आली. अक्कांनी स्वतःला एक दिल्यावर ती दोन कशी म्हणणार? एक. तिच्यानंतरची, एक. पाड्यावरच्या मुलींनी तर वाक्य पुरतं ऐकायच्या आत एक म्हणून टाकलं. बस मला मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.

आमच्याकडे वजनकाट्यावर एक पोरगा होता, डिप्लोमा झालेला, सहा महिन्यांपूर्वी लागलेला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर एकट्याने फॉर्म भरला आणि सगळीकडे पाच दिले. त्याच्यावर मी चिडावं असं काही नाही. आत्मविश्वासाने बोला हे त्याला मीच शिकवलं होतं. आठ दिवसांनी यादी आली. लीडर तो. बाकी सगळी लाइन, अक्कांसकट, "सुधारणा आवश्यक" या रकान्यात. सुधारणेसाठी माझंच चार दिवसांचं ट्रेनिंग.

मी मुख्य ऑफिसला फोन केला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला. मी त्याला सांगितलं की इथे कोणी स्वतःला पाच देत नाही, मोठ्यांसमोर तर नाहीच. तो म्हणाला, "पण मॅडम, हे गुण त्यांचे त्यांनीच दिलेत ना?" मी हो म्हटलं. "तुम्ही स्वतःच नोंदवलेत ना?" हो. "मग?" मी फोन ठेवला आणि साहेबांकडे गेले. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, यादी आता लॉक झाली. मी पत्र लिहिलं, आठवण लिहिली, परत आठवण लिहिली. "आपल्या सूचनेबद्दल आभार," एवढं उत्तर आलं. हात बांधल्यासारखी मी जळगाव-यावल ये-जा करत राहिले.

ट्रेनिंगचे चारही दिवस अक्का पहिल्या ओळीत बसल्या. लुगड्याचा पदर नीट खोचून, हात मांडीवर ठेवून. मी फळ्यावर लिहिलं: समोरच्याचं आधी ऐका. त्या मान हलवत होत्या. मी दोन-दोन तास बोलत होते. पगार त्याचाच.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. चारचौघांत त्या मला मॅडम म्हणत, एकट्या असलो की पोरी.

"पोरी, एक इचारू? खरं सांगजो. इतके वर्सं मी या पोरीयशी वाईट बोलत व्हती का व?"

"नाही हो अक्का! असं कोण म्हणालं?"

"कोनी नाही. पन कंपनीनं शिकाले बसवलं म्हंजे तिले काही दिसलं अशीन ना."

"अक्का, कंपनीला काही दिसलेलं नाही. तो एक तुम्हीच सांगितला होता."

"मी तं सांगितला. तसं बोलाच लागतं." त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, खरंच विचारत होत्या. "पन तू तं शिकेल आहेस. मले ओयखतेस. तुले खोटं वाटलं असतं तं तू लिहिलं असतं का?"

मी म्हटलं, नियम होता. म्हटलं, उत्तर सुचवायचं नव्हतं. मी जे जे सांगत होते ते ऐकून त्या मान हलवत होत्या, वर्गात हलवत होत्या तशीच. माझी चूक झाली, असंही म्हटलं. ती त्यांनी मला स्वतःवर घेऊ दिली नाही. "तुह्यी काय चूक व," म्हणाल्या आणि डबा बंद करून उठल्या.

पुढच्या फेरीला मी शेडमध्ये गेले तेव्हा अक्का टाकीशी होत्या. हात चालू होते. पाड्यावरून आलेली एक नवीन मुलगी, पहिलाच दिवस असावा, ओली फणी दोन्ही हातांत धरून त्यांच्याजवळ गेली आणि कुठून धरायची विचारू लागली. अक्कांचा हात अर्धा पुढे आला आणि त्यांनी तो परत पाण्यात घातला.

"मले नको इचारू व माय," त्या म्हणाल्या. "मले समजावता येत नाही. लीडरले इचार."

मुलगी लीडरला शोधत इकडेतिकडे बघू लागली. तो बाहेर मालाची गाडी लावून घेत होता. फणीतून पाणी गळत होतं आणि मुलीची बोटं फळात रुतली होती. मी पुढे झाले, पण फणी कुठून धरतात हे मला फक्त ऐकून माहीत होतं.