शेवटचे पाच मीटर

टाचणीला हे नाव दुकानाच्या मालकिणीने दिलं होतं आणि ते चपखल होतं. अंगाने काडी, बोलणं टोचरं आणि ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या. कपडे लहान-मोठे करून देणाऱ्या त्या दुकानात ती बारा वर्षं शिलाई मशीनवर बसत होती. चौतिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात पळायचं खूळ शिरलं. तेही लांबपल्ल्याचं नव्हे. साठ मीटर, सुसाट.

"साठच मीटर?" नणंद भाजी निवडता निवडता म्हणाली. "वहिनी, एवढं तर मी दूध उतू जाताना पळते!"

"मग ये की उद्यापासून. पातेलं घेऊन ये."

ती पळण्याच्या एका क्लबात जाऊ लागली. तिथे शिकवायला एक निवृत्त मास्तर होते. पूर्ण वाक्य बोलायचा त्यांना भारी कंटाळा. "हात. खाली. गुडघा. वर. अरे देवा. पुन्हा." पहिल्याच दिवशी स्टार्टिंग ब्लॉकवरून टाचणी अशी निघाली, की पाय पुढे गेले आणि ती तिथेच राहिली. वेळ, दहा पूर्णांक चार सेकंद.

नव्यांसाठी क्लबचा नियम कडक होता. हिवाळ्यात बंद हॉलमध्ये होणाऱ्या स्पर्धेत साडेनऊ सेकंदांच्या आत यायचं. आलं तर धावणाऱ्यांच्या गटात कायम, नाही तर रवानगी चालणाऱ्यांच्या गटात.

"तिथे सगळे फक्त गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलतात हो मास्तर," टाचणी काकुळतीला येऊन म्हणाली. "मला तिकडे धाडू नका."

"मग. पळा."

ती पळाली. तीन महिन्यांत नऊ पूर्णांक सातवर आली आणि तिथेच गाडी अडली. पंचावन्न मीटरपर्यंत बाई वाऱ्यासारखी, शेवटच्या पाच मीटरांत एकदम ढिली. शर्यतीची शेवटची रेघ ओलांडली की थोड्याच अंतरावर हॉलची भिंत होती, तिला जाड गाद्या लावलेल्या.

"भिंत. भीती?" मास्तरांनी विचारलं.

"भिंतीला कोण भितंय!" टाचणी फणकारली. पण पाय ऐकेनात.

एका शनिवारी मास्तर पँट आखूड करून घ्यायला दुकानात आले. त्यांनी मापाच्या खोलीत पँट काढून पडद्यावरून तिच्याकडे दिली आणि फक्त मुंडकं बाहेर काढून ते तिचं काम बघत उभे राहिले. टाचणीने मशीन भरधाव सोडलं. कापडाची कड जवळ आली तसा तिचा पाय मशीनच्या पॅडलवरून अलगद उचलला गेला आणि शेवटचे चार टाके तिने हाताने चाक फिरवून घातले.

"पाय!" मास्तर ओरडले. "तो पाय! बारा वर्षं तुम्ही कड आली की पाय उचलताय, आणि तिकडे हॉलमध्येही नेमकं तेच करताय!"

मास्तरांच्या तोंडून एवढं लांब वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. ते ठासून सांगायला मास्तर अंगाभोवती पडदा गुंडाळून निम्मे बाहेर आले होते, तेव्हा मालकिणीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढचे तीन आठवडे घड्याळ खिशात गेलं. टाचणीने एकच करायचं, गादीवर जाऊन आदळायचं. "आवाज. आला. पाहिजे." पहिले आठ दिवस नुसतं फुस्स. मग धप्प. मग असं धाडकन, की चालणारे लोक ऑपरेशन विसरून बघायला लागले.

स्पर्धेच्या दिवशी हॉलभर रबराचा आणि मलमाचा वास होता. सहा जणी ओळीत. बार झाला आणि टाचणी सगळ्यांत उशिरा निघाली.

"वहिनी, दूध उतू चाललंय!" गॅलरीतून नणंदेने आरोळी ठोकली.

तिसाव्या मीटरला एक मागे पडली, पन्नासाव्याला दुसरी. रेघ समोर आली. उजवा पाय सवयीने कचरला, पण टाचणीने दात-ओठ खात तो दणकून आपटला. रेघ कधी गेली ते तिला कळलंच नाही. कळली ती गादी. धाडकन!

नंबर चौथा. पण फलकावर नऊ पूर्णांक अडतीस!

नणंद तीन पायऱ्या एकदम उतरत धावत आली. मास्तरांनी धावणाऱ्यांची यादी काढली आणि तिचं नाव लिहायला पेन उघडलं. टाचणीने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि स्वतःच लिहिलं, चांगलं दोन ओळी व्यापेल एवढं.