ताईचं डेल्फिनियम

ताई उत्तरेकडच्या पहाडातून परत आली, तेव्हा मी कॉलेजात होते. बोरिवलीला तळमजल्यावर आमचं घर होतं, आणि स्वयंपाकघराच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. तिथे आईने अळू आणि कढीपत्ता लावला होता.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, सरकारी इंजिनियर. हिवाळ्यात घाटातले रस्ते बर्फाखाली जातात, ते मोकळे ठेवण्याचं त्यांचं काम. त्यांच्या क्वार्टरपुढे उन्हाळ्यात निळ्या फुलांचे उंच तुरे यायचे. डेल्फिनियम. त्यांची दोन वर्षांची मुलगी त्या फुलांशी खेळायला धावायची आणि ताई तिला मागे ओढायची, कारण ते झाड विषारी असतं. हे सगळं ताईने एकदा माहेरी आली असताना हसत सांगितलं होतं. पुढच्या हिवाळ्यात मुलीला न्यूमोनिया झाला. रस्ता बंद होता. भाऊजी माणसं घेऊन तोच रस्ता फोडत होते. तो मोकळा झाला, पण तोवर मुलगी गेली होती.

ताई आली ती थोडे दिवस राहायला म्हणून. सामानात रुमालाच्या गाठीत त्या झाडाचं बी होतं. आई शेजारपाजारच्यांना काहीबाही सांगत राहिली, आणि ताई तर घरातही बोलत नव्हती. दसरा झाल्यावर तिने आईला विचारून अळू काढलं, माती भुसभुशीत केली आणि निम्मं बी पेरलं. मोजकीच रोपं उगवली. तीही मुळाशी सडून एकेक करून आडवी झाली. ताई रोज सकाळी जाऊन बघायची आणि मेलेलं रोप उचलून बाजूला ठेवायची.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी ती एकदम मला म्हणाली, "अगं, तिकडे हे बी अख्खा हिवाळा बर्फाखाली असतं. थंडी लागल्याशिवाय ते जागं कसं होणार?"

वर्षभरात ती सलग एवढं पहिल्यांदाच बोलली होती. आमच्याकडे फ्रिज नव्हता. वरच्या मजल्यावरच्या मालवणच्या काकूंकडे होता. ताईने बी ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डबीत घातलं आणि आम्ही दोघी वर गेलो. काकूंनी काहीही विचारलं नाही. "ठेव गो, हयच असू दे," म्हणत त्यांनी सुरमईचा डबा सरकवून जागा केली.

यावेळी रोपं बऱ्यापैकी आली. ताईने मातीत वाळू मिसळली, म्हणजे पाणी साचणार नाही. उजाडताच ती पानांवरच्या गोगलगायी वेचायची. दुपारी ऊन चढलं की कढीपत्त्याला आणि खिडकीच्या गजाला आईचं जुनं लुगडं बांधून सावली करायची. झाडाचा दांडा आतून पोकळ, वाऱ्याने मोडेल म्हणून बांबूच्या कामट्या रोवून सैल बांधायची. आईला ते नाव म्हणता यायचं नाही, ती 'ताईचं झाड' म्हणायची. बिल्डिंगमधली मुलं बघायला आली, की ताई त्यांना हात लावू नका म्हणून बजावायची, आणि मग बराच वेळ घरात येऊन बसायची.

बहुतेक रोपं तरीही गेली. फेब्रुवारीत एकाच झाडाला तुरा आला. तिकडच्यासारखा उंच नव्हता, जेमतेम माझ्या गुडघ्यापर्यंत. पण निळा.

त्याच आठवड्यात भाऊजी आले. ते खूप वाळले होते. बाबांनी चहा विचारला, तो त्यांनी घेतला नाही, सरळ मागे गेले. ताई तिथेच होती. मी स्वयंपाकघरात होते, खिडकी उघडी होती. भाऊजी झाडापाशी उभे राहिले आणि बदलीचा अर्ज केलाय, नाशिकला मिळेल, असं सांगायला लागले.

ताई म्हणाली, "तुम्ही तेव्हा रस्त्यावर होतात, त्याबद्दल मी कधी काही म्हटलं नाही. पण घरी आल्यावरही तुम्ही रस्त्याचंच बोलत होतात. किती बर्फ होतं, कुठे मशीन अडकलं. तिचं एकदाही बोलला नाहीत."

भाऊजी मातीतच खाली बसले आणि म्हणाले, "ती ह्याला 'निनी' म्हणायची."

हे आम्हाला माहीत नव्हतं. ताई त्यांच्याशेजारी बसली. आईने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि मला बाहेरच्या खोलीत नेलं.

मार्चच्या उन्हाने ते झाड करपलं. त्याला बी धरलं नाही. मे महिन्यात ताई नाशिकला गेली. दोघांचा संसार नीट झाला, म्हणजे भांडणाशिवाय झाला. पुन्हा मूल झालं नाही. नाशिकला बोरिवलीपेक्षा थंडी चांगली पडते, घरापुढे अंगणही होतं, म्हणून मी एकदा तिला बी मागवू का विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको गं. आता नाही होणार माझ्याच्याने." मग तिने ताट माझ्याकडे सरकवलं आणि आम्ही दोघी खडे वेचत बसलो.