पाट्या वाचणारे चाचा

चाचा पाट्या मोठ्यानं वाचायचे. वाई सोडून गाडी पसरणी घाटाला लागली, की माझ्या मागच्या पहिल्या सीटवरून आवाज सुरू व्हायचा. "पुढं वळण हाय." "वाहनं सावकाश हाका." "ताजी स्ट्रॉबेरी, आत या." मला पाटी दिसायच्या आधी त्यांची वाचून झालेली असायची. गाडीतली माणसं हसायची आणि मी स्टिअरिंग आणखी घट्ट धरायचो. ते वाचन माझ्यासाठी होतं.

चाचा कळसचे. आमच्या सपाट, उसाच्या मुलखातल्या माणसांना डोंगर दाखवणं हा त्यांचा धंदा. इंदापूर-बारामतीकडच्या कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला घाट त्यांच्या जीपमधून पाहिला. मेणवलीला नदीच्या पायरीवर ते सगळ्यांना चपला काढायला लावायचे. "किस्नामाय हाय ती. बूट घालून फोटू काढाय तुमची मेव्हणी हाय व्हय?" पाचगणीच्या पठारावर घोड्यावर बसू द्यायचे नाहीत, डोंगर पायानं बघायचा, असा त्यांचा नियम. प्रतापगडाच्या पायऱ्यांवर एखादे बागाईतदार धापा टाकत बसले, की म्हणायचे, "आबा, फॅक्टरीच्या इलेक्शनला बरा दम लागत न्हाय!"

मी लोणी भापकरचा. नऊ वर्षं त्यांच्या शेजारी बसून घाट शिकलो. कुठल्या वळणावर गिअर पाडायचा, कुठल्या बुरुजावर कुठली गोष्ट सांगायची, सगळं त्यांचंच. मग मी स्वतःची मिनीबस घेतली. गाडी नवी होती, तरी माणसं चाचांकडेच जायची. तेव्हा डाळजच्या एका चहाच्या टपरीवर, दहाबारा जणांसमोर मी म्हणालो, "चाचांना आता घाटात दिसत नाही. परवा थोडक्यात वाचलो." दोन्ही वाक्यं खोटी होती. पुढच्या हंगामात त्यांची जीप दारातून हलली नाही.

मला वाटलं, भांडायला येतील. ते आले सीट बुक करायला. "पयली शीट दे. डोळं गेलं न्हवं का माझं? जवळनं बघाय लागंल."

त्यानंतर दर हिवाळ्यात एक सहल त्यांची. शिव्या नाहीत, तक्रार नाही. फक्त पाट्या. प्रत्येक पाटी म्हणजे भर गाडीत मला मारलेली चपराक होती. एकदा महाबळेश्वरला त्यांना बाजूला घेऊन मी हात जोडले. "चाचा, चुकलो. माफ करा."

"माझ्या कानात कशाला सांगतूस? डाळजला काय माझ्या कानात बोललावतास?"

चारचौघांत सांगायची हिंमत मला झाली नाही. वर्षं गेली. पाट्या चालूच राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात घाटात नेहमीच्या वळणावर त्यांचा आवाज आला, "ताजी स्ट्रॉबेरी, आत या." रस्ता रुंद करताना ती पाटी त्याच वर्षी काढली होती. तिथं नुसता कठडा होता.

"कुठं हाय वो पाटी?" मागून एका बाईंनी विचारलं.

"हाय की," मी घाईनं म्हणालो, "गेली मागं."

पुढच्या सगळ्या घाटात चाचांनी एकही पाटी वाचली नाही.

प्रतापगडाला माणसं वर चढली. चाचा गाडीजवळच दगडावर बसले. मी चहा घेऊन गेलो, तर कप जिथं होता त्याच्या जरा अलीकडेच त्यांचा हात चाचपडला.

"मला दिसत हुतं तवा न्हाय म्हनलास," ते म्हणाले. "आता दिसत न्हाय, तर हाय म्हंतूस. लेका, खरं कवा बोलणार?"

उन्हाळ्यात चाचा गेले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी कळसला गेलो. जेवणं झाल्यावर, सगळी बसलेली असताना उभा राहिलो आणि डाळजच्या टपरीवरचं सगळं सांगितलं. वाटलं, कुणी उठून मुस्काटात मारील. मारायला हवी होती.

कोपऱ्यातले एक तात्या दात कोरत म्हणाले, "बस खाली. आमाला तवाच ठावं हुतं. तुझ्या गाडीच्या शिटा मऊ हुत्या, निमित्त घावलं म्हणून बसलो."

मग एकेकानं मान खाली घातली.