थेंब टाकून बघायचं राहिलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नानांच्या मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हाही पुन्हा भित्रेपणाच?

नारायण पेठेत नानांचं जुनी चित्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि तिथेच राहिले. नानांचा एक नियम होता. डाग काढायला चित्र पाण्यात घालायचं, तर आधी त्यातल्या प्रत्येक शाईवर, कडेला कुठेतरी, पाण्याचा एक थेंब टाकायचा, टिपकागदाने टिपायचा, शाई उतरते का ते पाहायचं. "स्थळाची चौकशी करतो ना, तशी शाईची करावी," म्हणायचे.

एक बाई आपल्या दिवंगत नवऱ्याने इटलीहून आणलेलं, डाग पडलेलं रेखाचित्र घेऊन आल्या. बरोक काळातलं, काही शतकं जुनं. काठीवर रेललेला गुराखी, दोन शेळ्या, पाठमोरी गाय. जनावरं टाकाच्या बारीक रेघांची — पण गुराख्याचा चेहरा नुसत्या कुंचल्याने, फिक्या तपकिरी रंगात. दमलेला चेहरा होता. मला तो फार आवडला होता. हे सांगायची गरज आहे का? आहे, बहुतेक.

नाना तेव्हा विसरायला लागले होते. चष्मा, किल्ल्या, कधी माझं नावसुद्धा. मी वैतागायचे. त्या दुपारी जेवून ते खुर्चीतच पेंगले, आणि मला वाटलं — उठायच्या आत आपणच करून दाखवू. थेंब? नाही टाकला. मला नुसतं बघून कळतं, असा माज होता. दुसरं काही नाही.

शेळ्या राहिल्या. गाय राहिली. गुराख्याचा चेहरा पाण्यात उतरला.

नाना उठून जवळ आले. ट्रेकडे बघत राहिले. मग विचारलं — रागाने नाही हो, घाबरून — "मी घातलं का गं हे पाण्यात?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. एका शब्दाचं तर काम होतं.

"हो, नाना. थेंब टाकून बघायचं राहिलं तुमच्याकडून."

चित्रवाल्या बाई फार बोलल्या नाहीत. "इतकी शतकं टिकलं, आणि नारायण पेठेत धुऊन निघालं," एवढंच. नानांनी हात जोडले. मी शेजारी उभी होते.

त्यानंतर त्यांनी कुठल्याच चित्राला हात लावला नाही. दुकान माझ्याकडे आलं. पोरीने म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं, असं लोक म्हणाले. मी ते ऐकून घेतलं — खरं सांगू? मला बरंही वाटलं.

पुढे नाना सगळं विसरले. मुलीचं नाव, आपण जेवलो की नाही ते. ती चूक तेवढी विसरले नाहीत — जी त्यांची नव्हतीच. मी भेटायला गेले की खाटेवर बसल्या बसल्या तांब्यात बोट बुडवायचे आणि दिसेल त्यावर थेंब टाकायचे. वर्तमानपत्रावर, औषधाच्या चिठ्ठीवर, एकदा माझ्या हातावर. सदऱ्याच्या टोकाने हलकेच टिपायचे, आणि माझ्याकडे बघायचे.

"उतरली का गं?"

"नाही, नाना," मी म्हणायचे. ते जाईपर्यंत मी एवढंच म्हणत राहिले.